ड्रॉप सी लावलं की सहावी तार सैल पडते, कोणत्या गेजच्या तारा घ्याव्यात?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. मी नागपूरला प्रतापनगरात राहतो, आठ वर्षांपासून गिटार वाजवतो. आतापर्यंत कायम सरळ ट्यूनिंगमध्येच (जाड तारेपासून ई ए डी जी बी ई) वाजवलं, म्हणून तारांचा कधी विचारच केला नव्हता. १०-४६ चा पुडा (गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात; सर्वांत बारीक तार १० ची, सर्वांत जाड ४६ ची) आणायचा, चढवायचा, झालं.

आता आमच्या चौघांच्या बँडनं चार गाणी ड्रॉप सीमध्ये बांधली आहेत. जाड तारेपासून सांगायचं तर सी जी सी एफ ए डी. पॉवर कॉर्ड एका बोटानं, तीन तारांवर आडवं बोट टाकलं की तयार, त्यामुळे वेगात वाजवायला फार छान वाटतं. पण सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार अक्षरशः लोंबते. फ्रेटवर आपटून खरखरते. ट्यूनरवर पाहिलं तर जोरात मारल्याबरोबर काटा आधी सुराच्या वर उडतो आणि मग हळूहळू जागेवर येतो. तिसऱ्या-पाचव्या फ्रेटवरचा कॉर्ड कानाला खुपतो, बासवाल्याशी जुळतच नाही.

गिटार २५.५ इंच स्केलची (वाजणाऱ्या तारेची लांबी) आहे, ब्रिज हलता नाही. बर्डीत तीन दुकानं फिरलो. एका ठिकाणी म्हणाले अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) वाढव, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले सात तारांची गिटार घे, तिसऱ्या ठिकाणी १२-५४ चा पुडा हातात दिला. पुडा अजून फोडलेला नाही. चढवण्याआधी इथे विचारतो आहे. कार्यक्रम जुलैत आहे, हातात वेळ आहे. मला हे नीट समजून करायचं आहे.

सोनोमीटर

चढवू नका, थांबा. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि अकूस्टिक वाजवतो, त्यामुळे हा विषय मला दोन्हीकडून जवळचा.

बारावीच्या प्रात्यक्षिकाला सोनोमीटर होता, आठवतो? ताणलेल्या तारेचे नियम तेच, मर्सेननं १६३६ च्या सुमारास मांडलेले. तारेची लांबी तीच ठेवली तर सुराची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. उलटीकडून पाहा: सूर थोडा उतरवला की ताण त्याच्या दुपटीनं उतरतो. एक सेमीटोन (अर्धा सूर, म्हणजे एका फ्रेटचं अंतर) खाली गेलात तर ताण सुमारे ११ टक्के जातो. दोन सेमीटोन खाली, सुमारे २१ टक्के. चार सेमीटोन, म्हणजे तुमची सहावी तार ई वरून सी वर, ३७ टक्के.

तुमची ४६ ची तार ई ला साधारण ७.९ किलो ताणाला असते. बऱ्याच कंपन्या, डी'अ‍ॅडारिओ तर नक्कीच, पुड्यावर प्रत्येक तारेचा ताण छापतात. तीच तार सी ला उतरवली की ५ किलोवर येते. तार सैल असली की तिचा झोका मोठा होतो, म्हणून ती फ्रेटवर आपटते. मोठ्या झोक्यात तार क्षणभर जास्त ताणली जाते, म्हणून काटा आधी वर उडतो. बोट दाबताना सैल तार जास्त खेचली जाते, म्हणून कॉर्ड चढा येतो. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

हिशेबाचा सोपा मार्ग: जितके सेमीटोन खाली जाल तितक्या वेळा गेजला १.०६ नं गुणा, ताण पूर्वीइतकाच राहतो. साध्या पोलादी तारांना हे तंतोतंत लागू पडतं, वाउंड (वेष्टण गुंडाळलेल्या) तारांना जवळपास. ४६ ची तार दोन सेमीटोन खाली न्यायची तर ५२. चार सेमीटोन खाली, ५८.

गेन_दहा

सर, मान्य. पण मी दहा वर्षं मेटल वाजवतो आणि मला सैल तारच आवडते. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीचं पाहा. पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तो डावखुरा, म्हणजे फ्रेट दाबायचीच बोटं. म्हणून हलक्या तारा लावल्या आणि १९७१ पासून गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली. तो जड, दाट आवाज त्यातूनच तर आला. सगळ्यांनी ५८ लावायची गरज नाही. जाड तार मुकी वाटते, वरचे हार्मोनिक्स दबतात.

सोनोमीटर

गेन_दहा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी खोडत नाही. जाड तार जास्त ताठ असते, वरचे स्वर दबतात, हे बरोबर. पण आयोमीचा हात हलका होता, त्यानं आपला हात त्या तारेभोवती घडवला. मंद्रसप्तक वेगात, पामम्यूट करून (तळहाताच्या कडेनं तारा दाबून), जोरात मारतात असं दिसतं. ज्याचा हात जड त्याला सैल तार फसवते. म्हणून ५८ हे टोक धरा आणि तिथून खाली या. ५६ सी ला साधारण साडेसात किलो, ५४ ला ७. ५२ खाली साडेसहाच्याही आत जाते.

मंद्रसप्तक

मग १२-५४ बरोबरच आहे ना? ५४ आहे त्यात.

सोनोमीटर

इथेच बहुतेक जण फसतात. पुडा पाहू नका, एकेक तार पाहा. तुमच्या ड्रॉप सीमध्ये पाच तारा दोन सेमीटोन खाली गेल्या आणि एकटी सहावी चार सेमीटोन. १२-५४ चा नेहमीचा पुडा १२, १६, २०, ३२, ४२, ५४ असा असतो. तुमच्या सुरांना लावला तर किलोमध्ये हिशेब असा येतो: पहिली ८.४, दुसरी ८.४, तिसरी ८.३, चौथी १० च्या वर, पाचवी साडेनऊ आणि सहावी ७. ज्या तारेसाठी पुडा घेतला तीच सगळ्यांत सैल! चौथी-पाचवी मात्र लोखंडी सळईसारखी. पॉवर कॉर्डला या तिन्ही तारा एकाच बोटाखाली येतात, म्हणजे एकाच बोटाला तीन वेगळे ताण. बेसूर येणारच.

माझा सल्ला: ११-४९ चा पुडा घ्या (११, १४, १८, २८, ३८, ४९) आणि त्यातली ४९ बाजूला ठेवून ५६ ची सुटी तार चढवा. मग ताण येतो ७.१, ६.४, ६.७, ७.८, ७.८, ७.५. सगळ्या शेजारी-शेजारी. उरलेली ४९ वाया जात नाही, दुसऱ्या गिटारवर अर्धा सूर खाली लावाल तेव्हा ४६ ला एकदा १.०६ नं गुणलं की नेमकी ४९ च येते.

इतवारीचा कारागीर

सोनोमीटर सरांचं गणित पक्कं आहे. मी तीस वर्षं वाद्यं दुरुस्त करून राहिलो, गणित मले येत नाही, पण हातानं तेच समजलं. आता लाकडाकडं या.

४६ साठी कापलेल्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत ५६ बसत नाही. वरच अडकते. मग काय होते, की ट्यूनिंग करताना खुंटी पिळली तरी सूर हलत नाही, अन् मग एकदम "टिंग" आवाज येऊन सूर उडी मारते. पोरं म्हणतात खुंट्या खराब आहेत. खुंट्या चांगल्या असतात, खाच अरुंद असते. खाच रुंद करा, खोल नका करू. खोल झाली तर उघडी तार पहिल्या फ्रेटवर घासते अन् मग नट बदलण्याशिवाय उपाय नाही. घरी सुईनं किंवा कानशीच्या तुकड्यानं कोरू नका. नटच्या कानशी गेजप्रमाणे वेगळ्या असतात, ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं भरा, तार सरकते चांगली.

दुसरं, खुंटीचं छिद्र. ६० च्या वर गेलात तर काही खुंट्यांच्या छिद्रात तार जात नाही. तार विकत घेण्याआधी छिद्र मोजा.

तिसरं, वाउंड तार आधी काटकोनात वाकवा, मग कापा. सरळ तार कापली तर काही तारांचं वेष्टण आतल्या गाभ्यावरून सैल होते. तार नवी असून मेल्यासारखी वाजते, गिऱ्हाईक म्हणतो माल नकली आहे.

मंद्रसप्तक

काका, खूप आभार. ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या सळईला) हात लावावा लागेल का?

इतवारीचा कारागीर

पाहूनच सांगता येईल. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरा अन् सातव्या-आठव्या फ्रेटवर तार अन् फ्रेट यांच्यात फट पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास असली पाहिजे. जास्त असेल तर रॉड आवळायचा, नसेलच तर सैल करायचा. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. मग रात्रभर ठेवा अन् सकाळी पुन्हा मोजा.

अन् एक गोष्ट नागपूरची. मे महिना आहे, बाहेर ४५ च्या वर पारा, हवा कोरडी ठणठणीत. तुम्ही लोक कूलर लावून बसता. कूलरच्या झोतात ती दमट हवा सरळ गिटारवर येते. दिवसभर कूलर चालू, लाकूड ओल घेते. वीज गेली, कूलर बंद, दोन तासांत खोली तापते, लाकूड सुकते. मान रोज थोडी इकडं, थोडी तिकडं. मेमध्ये सेटिंग करून नेतात अन् जुलैत परत येतात, "काका, पुन्हा खरखर." काहून होणार नाही? गिटार कूलरच्या समोरून हलवा, केसमध्ये ठेवा, अन् सेटिंग त्याच खोलीत करा जिथं वाजवता. तारा पण त्या दमट झोतानं लवकर गंजतात.

खर्जाची तार

मी सतार वाजवते, धंतोलीत शिकवतेही. गिटारच्या धाग्यावर पहिल्यांदाच लिहिते आहे, कारण काका म्हणतात ते आमच्याकडेही जसंच्या तसं आहे. उन्हाळ्यात तंबोऱ्याची जवारी (घोडीवरून तारेला येणारी झणकार) सकाळी एक बोलते, संध्याकाळी दुसरं.

तुमच्या ट्यूनिंगची नावं इंग्रजीत ऐकली की मला परकं वाटायचं. मग एका विद्यार्थ्यानं डॅडगॅड वाजवून दाखवलं आणि मी चकितच झाले. डी म्हणजे आपली पांढरी दोन. पांढरी दोनचा षड्ज धरा, तर डी ए डी जी ए डी म्हणजे सा प सा म प सा! आमच्या तंबोऱ्यावर कुणी पंचमाचा तर कुणी मध्यमाचा सूर लावतो, इथे एकाच वाद्यात दोन्ही भरून राहतात. ओपन डी म्हणजे सा प सा ग प सा. तुमचं ते ड्रॉप डी म्हणजे सा प सा म ध रे. तुम्ही फक्त सहावी तार पांढरी तीनवरून पांढरी दोनला आणता आणि खालच्या तीन तारांचा सा-प-सा होऊन जातो. म्हणूनच त्या आडव्या बोटाच्या कॉर्डला इतका भरदार आवाज येत असावा.

तारांचं म्हणाल तर पुरुषी तंबोऱ्याला जाड तारा आणि बायकी तंबोऱ्याला बारीक, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो. पट्टी बदलली की तार बदलते. काळी पाचला लावलेल्या तंबोऱ्याच्या तारा कुणी काळी एकला उतरवून वाजवत नाही, वाजवल्या तर जवारी उघडतच नाही. गिटारवाल्यांनी हे एवढं लांबवर का सोडलं ते मला कळत नाही.

डोंगरगावचा

ताई, तुमची पोस्ट वाचून माझा प्रश्न विचारायला धीर आला. मी एका गायकाला अकूस्टिकवर साथ करतो, भावगीतं आणि अभंग. डॅडगॅड मला फार आवडतं, मोकळ्या तारांमुळे तंबोरा सोबत असल्यासारखं वाटतं. पण आमचे बुवा काळी एकला गातात. कॅपो लावून सूर वर जातो, खाली येत नाही. म्हणून सगळी गिटार अजून अर्धा सूर उतरवतो. १२-५३ च्या तारा आहेत, सहावी तर विझूनच जाते. जाड तारा लावल्या तर ब्रिज उखडेल अशी भीती वाटते.

सोनोमीटर

भीती रास्त आहे, पण ती सरळ ट्यूनिंगसाठी. १२-५३ चा पुडा सरळ ट्यूनिंगला साऱ्या तारा मिळून साधारण ७४ किलो ओढतो. लाकडाला गेजचा त्रास नसतो, ताणाचा असतो. डॅडगॅडमध्ये पहिली, दुसरी आणि सहावी दोन सेमीटोन उतरतात, त्यावर तुम्ही सगळ्याच अर्धा सूर उतरवता. त्या तीन तारा एकूण तीन सेमीटोन खाली गेल्या, त्यांचा ताण जवळपास ३० टक्के कमी झाला. म्हणजे तुमची गिटार आत्ता बरीच निवांत बसलेली आहे.

१३-५६ चा मीडियम पुडा लावा. १३ ची तार डी ला नेली तरी १२ ची ई ला जेवढी ओढते त्यापेक्षा थोडं कमीच ओढते, आणि तुम्ही तर त्याही खाली जाता. एकच पथ्य पाळा, या तारा चढवल्यावर कुणालाही त्या गिटारवर सरळ ट्यूनिंग करू देऊ नका. आणि बुवांची पट्टी बदलून पांढरी दोन झाली तर कॅपो पहिल्या फ्रेटवर.

सहावी अजूनही थोडी मऊच वाटेल. सुटी ५९ मिळाली तर एकदा लावून पाहा.

डोंगरगावचा

तारा फॉस्फर ब्राँझच्या घ्याव्यात की ८०/२० ब्राँझच्या?

खर्जाची तार

मी कानानं सांगते. माझ्या विद्यार्थ्याकडे दोन्ही ऐकल्या. ८०/२० नव्या असताना फार चमकदार, पण त्या लवकर मावळतात. गळ्याला साथ करायची तर फॉस्फर ब्राँझचा गोलवा मला जास्त शोभला. बाकी इलेक्ट्रिकवाल्यांनी यात पडू नये. तुमचा पिकअप चुंबकाचा, ब्राँझला चुंबक ओळखत नाही, फक्त आतला पोलादी गाभा तेवढा ऐकू येतो.

गेन_दहा

माझाही एक अनुभव जोडतो. माझ्याकडे दोन गिटारी आहेत, एक २५.५ ची आणि एक २४.७५ ची. दोन्हींवर तोच पुडा, तेच ड्रॉप डी, पण छोट्या स्केलची गिटार कायम सैल वाटायची. इतकी वर्षं मला वाटत होतं लाकूड खराब आहे.

सोनोमीटर

लाकूड निर्दोष आहे. त्या पाऊण इंचामुळे ताण सुमारे ६ टक्के कमी होतो. त्या गिटारवर एक पायरी जाड तार घ्या, ५२ च्या जागी ५४. आणि बी किंवा ए पर्यंत खाली जाणाऱ्यांनी गेज चढवत बसण्यापेक्षा २७ इंचांच्या पुढची बॅरिटोन गिटार पाहावी. तारेची लांबी वाढली की बारीक तारही ताठ राहते, आवाज मुका होत नाही. गेन_दहा, तुमचा तो वरच्या हार्मोनिक्सचा मुद्दा तिथे सुटतो.

आणि ड्रॉप डी साठी कोणी १०-५२ चा पुडा सुचवला तर दोनदा विचार करा. ५२ अगदी योग्य. पण त्यात चौथी ३० आणि पाचवी ४२ असते, आणि ड्रॉप डी मध्ये त्या दोघी हलतच नाहीत. उगाच कडक होतात. १०-४६ चा पुडा ठेवून फक्त सहावी ५२ ची लावा.

पावसाची_रीफ

हलत्या ब्रिजवाल्यांसाठी काही? माझ्याकडे फ्लॉइड रोज आहे.

इतवारीचा कारागीर

एकच ट्यूनिंग ठरवा अन् त्यावरच राहा. तारांचा ताण अन् मागच्या स्प्रिंगांचा ताण, दोघांची तराजू असते. ताण कमी झाला की स्प्रिंग ब्रिजला मागं ओढून बसवते. मागचे दोन स्क्रू सैल करून ब्रिज पुन्हा समतल आणायचा. जाड तारा लावून ताण पहिल्याइतकाच ठेवला तर फार काही करावं लागत नाही, सरांनी सांगितलेला हिशेब इथं सर्वांत जास्त कामाचा आहे.

मंद्रसप्तक

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. काल मृगाचा पहिला पाऊस झाला, त्यामुळे कूलर एकदाचा बंद.

११-४९ चा पुडा इथेच मिळाला. सुटी ५६ नागपुरात कुठे मिळाली नाही, मागवावी लागली, म्हणून दोन मागवल्या आणि सोबत एक ५४ पण. आधी ५४ लावली. गेन_दहा दादांचं म्हणणं मला पूर्ण पटलं, एकट्यानं वाजवताना तिचा आवाज जास्त उघडा, जास्त गुरगुरणारा वाटला. पण बँडसोबत ड्रम सुरू झाले की माझा हात आपोआप जड होतो आणि काटा पुन्हा उडायला लागला. मग ५६ लावली. खरखर गेली. नट एका कारागिरांकडून रुंद करून घेतला, ते काम मी स्वतः केलं नाही.

इंटोनेशनला (वरच्या फ्रेटवरही सूर खरा यावा म्हणून करायच्या जुळणीला) मात्र एक संध्याकाळ गेली. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर ताडून पाहिला, दाबलेला चढा येत होता. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, मागे, अजून मागे. जाड तारेला इतकी जागा लागेल असं वाटलं नव्हतं, स्क्रू जवळपास संपतच आला होता. आता जुळलंय. काल बासवाल्यानं पहिल्यांदाच थांबवलं नाही.

फक्त तिसरी तार अजून थोडी मऊ वाटते, १८ ची. बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) छान, पण कॉर्डमध्ये चढी जाते.

सोनोमीटर

पुढच्या वेळी १९ किंवा २० ची साधी लावा. वाउंड २० नको, तुम्ही बेंड घेता म्हणालात.

डोंगरगावचा

मीडियम लावल्या. बुवांनी काळी एकचा सा लावला आणि मी सहावी मोकळी छेडली, तर ते गाता गाता वळून माझ्याकडे पाहायला लागले. ५९ अजून शोधतो आहे. कुणाला सदर किंवा महालाकडे दिसली तर इथे कळवा.